फिलूबायचं गाव

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते वाल सोलायचं. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, मध्ये परात, एका बाजूला ती, एका बाजूला मी. ती दाणा नुसता चिमटीत धरायची, की तो टुणकन सालातून बाहेर. माझी बोटं जन्मभर कुदळ धरून जाड झालेली. माझा दाणा बाहेर पडायचा तो दोन तुकडे होऊनच.

"आवो, तुम्ही सोलताय की मळणी काढताय?"

"खाताना दातांनी तुकडेच करायचे ना?"

"मग अख्खेच गिळा. दात तरी कुठे राहिलेत तुम्हाला."

ही आमची शेवटची बोलणी. दातांवरून. त्यानंतर ती जेवली, भांडी घासली, माळ जपली आणि झोपली. सकाळी उठली नाही.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. वसईच्या पापडीची बोली बाहेरच्याला कळत नाही, म्हणून इथे सगळ्यांना समजेल असं लिहितो. मी चौथी शिकलो, ती सातवी. ह्या तीन इयत्ता तिने मला उभा जन्म ऐकवल्या. आता ऐकवायला नाही, तर मीच लिहितो म्हटलं. चुकलं तर चुकलं.

तिच्या मयताच्या मिस्सेला चर्चमध्ये फादर म्हणाले, फिलोमिना संतासारखी जगली. फादर नवे आहेत, त्यांना कोण काय सांगणार. संत भाजीवालीशी घासाघीस करत नाहीत. फिलू तर स्वतः भाजीवाली असून दुसऱ्या भाजीवालीशी घासाघीस करायची, घ्यायचं नसलं तरी करायची, "हात बसलेला राहतो" म्हणून. आणि संतांशी ती कशी वागायची हे फादरना कळलं असतं तर त्यांनी प्रवचनच बदललं असतं. घरात काही हरवलं की हरवलेलं शोधून देणारा आमचा संत अंतोनी, म्हणजे त्याची मूर्ती, भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. चाव्या सापडेपर्यंत त्याला वळायची परवानगी नाही. एकदा कानातलं फूल हरवलं तेव्हा तो बिचारा नाताळ होईपर्यंत भिंतीकडे बघत होता. फूल सापडलं माझ्या सदऱ्याच्या खिशात. ते तिथे कसं गेलं हे मला आजही माहीत नाही. तिने संताची माफी मागितली, माझी नाही.

अंगाने बारीक, लाल चौकडीचं लुगडं, काष्टा घट्ट. चालायची अशी, की मागून मला धावावं लागायचं. आणि एक सवय: कुठेही गेली की आधी चुलीजवळ जायची. लग्नघर असो, मयताचं घर असो, माणसांना भेटायच्या आधी चुलीत डोकावणार. "माणसं काय, खोटं बोलतात. चूल बोलत नाही," म्हणायची.

सातिवलीलाही ती तशीच गेली.

सातिवलीला कारखान्यांच्या मागे एक पत्र्याची शेड रिकामी पडली होती. मालक कुठे मुंबईला. तिथे पाचसहा कुटुंबं येऊन राहिलीत, भाषा कळत नाही, पोरं आजारी आहेत, असं कुणीतरी चर्चमध्ये सांगितलं. म्हणून बायकांचं मंडळ बघायला निघालं. मंडळाच्या मुख्य अल्झीरा टीचर, शाळेतून रिटायर झालेल्या, शिस्तीच्या. मी गेलो तो फक्त पिशव्या धरायला.

ती माणसं आपल्याच राज्यातली, पण पार दुसऱ्या टोकाची. गडचिरोलीकडच्या जंगलातली. त्यांच्यातली सोमारी म्हणून एक बाई होती, तिला मराठी येत होतं, अडखळत. तिने सांगितलं. रात्री जंगलातले यायचे आणि बंदूक दाखवून भात मागायचे. सकाळी वर्दीतले यायचे आणि भात का दिला म्हणून मारायचे. भात एकच, मार दोन. मग एका दिवशी दोघांचा गोळीबार गावालगतच झाला. सोमारीचा दीर गुरं आणायला गेलेला, तो आलाच नाही. गाव निघालं. वाटेत एक मुकादम भेटला, वीटभट्टीवर काम देतो म्हणाला, इतक्या लांब घेऊन आला. पावसाळ्याला भट्टी बंद झाल्यावर त्याने ह्या शेडमध्ये सोडलं आणि गेला.

मंडळाच्या बायका सगळ्या बंदुकीचंच विचारत होत्या. किती जण होते, तोंडं बांधलेली होती का. फिलू तोवर विटांच्या चुलीपाशी बसून राखेत काडी फिरवत होती. तिथूनच तिने विचारलं, "आणि गुरं? बांधलेली होती ना तुमची?"

सोमारी म्हणाली, "दावी कापली. सोडून दिली."

"कुणी कापली?"

"मी."

"नावं होती त्यांना?"

इतका वेळ सोमारी पाठ केल्यासारखं सांगत होती. आता ती एकेक नाव घ्यायला लागली आणि मध्येच रडली. फिलूने तिला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. राखेत काडी फिरवत राहिली. मग उठून मला म्हणाली, "आवो, ह्या चुलीत दोन दिवस काही शिजलेलं नाही. पिशव्या कसल्या धरून उभे राहिलात?"

आता मंडळाची मदत कशी असते ते सांगतो. प्रवचनात सांगितलं, जुने कपडे आणा. आमच्या लोकांनी मन मोठं करून आणले. पण आमच्या लोकांचे जुने कपडे कुठले? लग्नातले. एकदा घालून पेटीत ठेवलेले. नवरदेवांचे सूट, करवल्यांचे साटीनचे गुलाबी फ्रॉक, कोपरापर्यंतचे पांढरे हातमोजे. सगळं टेम्पोभर सातिवलीला गेलं. आठवड्याने आम्ही बघतो तर त्यांचा म्हातारा पाटील लंगोटीवर काळा कोट घालून उकिडवा बसलाय, आणि सोमारीची सासू झालरीच्या फ्रॉकमध्ये लाकडं फोडतेय.

अल्झीरा टीचर म्हणाल्या, "हसू नका कुणी."

फिलू सगळ्यात मोठ्याने हसली. म्हातारीही हसली, गोल फिरून दाखवलं. दुसऱ्या दिवशी फिलूने शिलाई मशीन माझ्या डोक्यावर देऊन सातिवलीला नेलं आणि त्या फ्रॉकांची पोरांना झबली शिवली, सुटांच्या चड्ड्या केल्या. सासूने मात्र आपला गुलाबी फ्रॉक द्यायला साफ नकार दिला. "राहू दे," फिलू म्हणाली. "मला माझ्या लग्नात असला मिळाला नाही. मी पण दिला नसता." आणि माझ्याकडे बघितलं. त्या काळात साटीन कुठून आणणार होतो मी?

जेवणाचं वेगळंच झालं. मंडळ रोज दुपारी मोठं पातेलं घेऊन जायचं आणि माणसांना रांगेत उभं करून वाढायचं. फिलूने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "रांग कशाला? ही काय जेल आहे? आणि हे तोंड बघून ताट वाढणं मला जमत नाही."

"मग कसं करायचं, फिलूबाय?" टीचर म्हणाल्या. "शिस्त नको?"

"शेजारी राहायला आला की आपण काय करतो? टोपात कालवण घालून पाठवतो. तसं करायचं. आपल्या गल्लीतल्या एका घराने त्यांच्या एका चुलीला एक टोप."

टीचरना पटलं नाही, पण फिलूसमोर पटवून घ्यावं लागायचं. गल्लीतून टोप गेले. स्टीलचे, जर्मनचे, काहींवर लग्नाची नावं कोरलेली. पहिल्या दिवशी गेले, दुसऱ्या दिवशी दुसरे गेले, आणि परत एकही येईना. आठवड्यात गल्लीत कुजबुज सुरू. "माझा नवाकोरा टोप गेला." "गरीब असली म्हणून काय झालं, भांडी दाबायची?" टीचर म्हणाल्या, "मी सांगत होते. रांग बरी होती. उद्या मी मंडळाच्या सभेत ठेवते, हे काम बंद करायचं."

काम बंद झालं असतं तर शेडमधली माणसं पुन्हा मुकादमाच्या हातात गेली असती, हे सगळ्यांना माहीत होतं. मुकादम चार दिवसांनी एकदा येऊन बघून जायचा, भुकेली झाली का म्हणून.

फिलूने संत अंतोनीला भिंतीकडे वळवलं आणि आम्ही सातिवलीला गेलो. बघतो तर शेडच्या भिंतीला लागून सगळे टोप उपडे, ओळीने. विटेच्या भुकटीने असे घासलेले, की आमच्या बायकांनीही कधी घासले नसतील. एक कमी नाही.

"आवडले का गे?" फिलूने विचारलं. तिला राग आलेला.

सोमारीने मान खाली घातली. "रिकामं भांडं कसं देऊ? आमच्यात देत नाहीत. आणि भरायला काही नाही."

फिलू तिथेच टेकली. जोरात हसली. मग एकदम हसणं थांबलं. आमच्यात तरी कुठे देतात रिकामं भांडं? चिमूटभर साखर, चार फुलं, काही नाही तर पानाचा विडा, पण काहीतरी घालूनच परत करायचं. लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट, आणि तिला ती सुचली नव्हती. घरी येताना रिक्षात एक शब्द बोलली नाही. फिलू गप्प बसलेली मी दोनतीनदाच पाहिली असेन, त्यातली ही एक.

पापडीला उतरल्यावर म्हणाली, "आवो, आपण टोप नाही पाठवले, लाज पाठवली."

दुसऱ्या दिवशी परत गेली. सोमारीला आणि बायकांना घेऊन तुंगारेश्वराच्या बाजूच्या डोंगराकडे चालत गेली. "तुम्ही जंगलातल्या ना? मग हे जंगलच आहे. मला काय कळतंय, मी केळी लावणारी." संध्याकाळी टोप गल्लीत परत आले. एकात टाकळा, एकात बांबूचे कोंब, एकात कसलेसे कंद, जे आमच्या गल्लीत कुणी बघितलेले नव्हते.

आमच्या बायका भाजीच्या वाडीवाल्या. जन्मभर वसईची भाजी मुंबईला पाठवली आणि आता दारात फुकट रानभाजी. नाकं मुरडली. "हे खायचं कसं?" मग एकीने सोमारीला विचारून केली, दुसरीने चाखली. पुढच्या आठवड्यात टीचरच मला गाठून हळूच म्हणाल्या, "इनासकाका, ते कोंब परत मिळतील का हो?"

पण एक घोटाळा झाला. ह्या वेळचे कोंब आले ते सोमारीच्या स्वतःच्या टोपातून, तो टीचर रिकामा कसा परत करणार? त्यांनी त्यात सुकट घातली. सुकट आली म्हणून सोमारीने कंद पाठवले. कंदांवर इथून केळी. केळ्यांवर तिथून मध. कोण आधी थांबणार? थांबेल ती हलकी. टोप काही थांबेनात. सभा राहिलीच, मंडळाच्या कामाचं नावच कुणी घेईना. फिलू ओट्यावर बसून येणारेजाणारे टोप बघायची आणि म्हणायची, "बघा, मदत बंद झाली. शेजार सुरू झाला."

मला म्हणायची, तुम्हाला नाही कळणार, चौथी पास.

तिचं एकच डोक्यात होतं. ही माणसं फुटू द्यायची नाहीत. सोमारी तिला म्हणाली होती, तिकडे शांत झालं की परत जाऊ, पण सगळे एकदम जाऊ. एकटं घर जंगलात जगत नाही. एकाच्या बैलाला दुसऱ्याचा बैल लागतो. फिलूने ते धरून ठेवलं. "गाव म्हणजे घरं नाहीत हो. घरं तर त्यांनी सोडलीच. ही माणसं एकत्र आहेत तोवर गाव आहे. फुटली की झाले मजूर."

मुकादमाला नेमकं उलट पाहिजे होतं. एकत्र माणसं भाव करतात. पाऊस सरला, भट्ट्या पेटायची वेळ आली, आणि एकदा आम्ही नसताना तो ट्रक घेऊन आला आणि म्हणाला, "बायने पाठवलंय, चला." दोन घरं चढली. भिवंडीच्या बाजूला कुठल्यातरी भट्टीवर नेऊन टाकली.

फिलूला कळलं तेव्हा ती केळीचा घड उतरवत होती. कोयता तसाच हातात. "कोयता ठेव," मी म्हटलं. "का?" म्हणाली, पण ठेवला. विचारत विचारत भट्टी शोधली. पत्र्याच्या ऑफिसात एकच खुर्ची, मालकाची. तो बाहेर गेलेला. ही त्या खुर्चीवर बसली, माळ काढली आणि मोठ्याने रोजरीची प्रार्थना सुरू केली. मुकादम आला, म्हणाला, उठा. ही ऐकेना. मालक आला. त्याला वाटलं ही शाप देतेय.

"काय म्हणतेय ही?" त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, "अजून सुरुवात आहे. पुढे फार लांब आहे."

खोटं काही नव्हतं त्यात. मालक मुकादमाला म्हणाला, "ज्यांची ही माणसं त्यांना देऊन टाक, मला भानगड नको." संध्याकाळी दोन्ही घरं शेडमध्ये परत. फिलूने सगळ्यांना जमवलं आणि सोमारीकडून त्यांच्या भाषेत दोनदा वदवून घेतलं: मी स्वतः समोर आल्याशिवाय कुणाच्या गाडीत चढायचं नाही. माझं नाव सांगितलं तरी नाही. फादर आले तरी नाही. पाटलाने मान डोलावली.

"आणि मी आलो तर?" मी विचारलं.

"तुमचं कोण ऐकतंय," ती म्हणाली, आणि त्यांच्या बायकाही हसल्या. ते मात्र त्यांना भाषांतर न करता कळलं.

मग शेड विकली गेली. नव्या मालकाने महिन्याची मुदत दिली, नंतर कुलूप. मुकादम सांगून गेला की शेवटच्या दिवशी ट्रक आणतो, जिथे जागा असेल तिथे एकेक घर टाकतो. फिलूने मला विचारलं नाही, सांगितलं. "आपला विहिरीपलीकडचा केळीचा पट्टा रिकामाच आहे."

"रिकामा नाही. जमीन आराम करतेय."

"तुमच्यासारखी. झाला तेवढा आराम."

माझा पुतण्या पास्कू घाबरला. "काकी, जागा बळकावतील. नंतर उठणार नाहीत."

"ज्याचं गाव गेलंय तो तुझा केळीचा पट्टा घेऊन काय करेल? त्याला त्याचंच पाहिजे."

पंधरा दिवस बांबू आणि पत्रे गोळा केले. कुणाची झोपडी कुणाच्या बाजूला, हे तिने पाटलाला वाडीत आणून त्याच्याकडून ठरवून घेतलं, त्यांच्या गावात होती तशीच. शेवटच्या दिवसाच्या सकाळचा टेम्पो ठरला. त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही वाल सोलले.

सकाळी मला कळलं ते चहा झाला नाही म्हणून. शेजारणींना हाक मारली. पास्कू चर्चकडे पळाला. मयताची घंटा वाजली. माणसं जमली, खुर्च्या आल्या, सासरी असलेल्या आमच्या मुलींना फोन गेले. आणि टेम्पो आला.

टेम्पोवाला गर्दी बघून खाली उतरला. "काका, आजचं राहू दे. उद्या करू."

"उद्या कुलूप आहे."

पास्कूने मला बाजूला घेतलं. "काका, काकी घरात आहे आणि तुम्ही सामान वाहायला जाणार? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते मी परत आल्यावर म्हणू दे," मी म्हटलं आणि टेम्पोत पुढे बसलो.

सातिवलीला माणसं बोचकी बांधून तयार बसली होती. कोपऱ्यावर मुकादमाचा ट्रकही उभा होता. मुकादम मला बघून हसला. सोमारीने माझ्या मागे टेम्पोत डोकावून बघितलं.

"बाय कुठे?"

  "बाय मेली," मी म्हटलं. "पहाटे. घरी आहे. चला."

कुणी हललं नाही. सोमारीने त्यांच्या भाषेत सांगितलं, तरी कुणी हललं नाही. पोरंही नाहीत. मग पाटील काहीतरी बोलला. सोमारी म्हणाली, "पाटील म्हणतात, बायने सांगितलंय, ती स्वतः आल्याशिवाय चढायचं नाही. तिचा शब्द कसा मोडू?"

मुकादम पुढे सरकला. "ऐका, म्हातारा एकटा आहे. तुम्ही इकडे बसा."

मला राग आला. फिलूचा आला. सगळ्यांना सगळं सांगून ठेवलं आणि स्वतः झोपून राहिली. मी पाटलासमोर खाली बसलो, उकिडवा, तो बसला होता तसा.

"बाय येऊ शकत नाही," मी म्हटलं. "दुपारी तिला मातीत द्यायची आहे. माझ्याकडे नातेवाईक आहेत, चर्चचे आहेत. पण मयत झालं की गाव लागतं. तुमच्याकडे कसं असतं?"

सोमारीने सांगितलं. पाटलाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, आणि तेवढं मला तिने सांगायच्या आधीच कळलं, "मयताला गाव जातं."

तो उठला. मग सगळेच उठले. मुकादमाच्या ट्रकसमोरून एकेक घर टेम्पोत चढलं. बायका आधी, मग पोरं, मग बोचकी. मुकादम बाजूला सरकला. मयताला निघालेल्यांना कोण अडवणार?

पापडीला आमच्या गल्लीत माणसं दोन्ही बाजूंनी दाटलेली, काळ्या साड्या, काळे कोट. टेम्पो आत शिरेना. टीचर दारात उभ्या होत्या, डोळे सुजलेले. कुणीतरी मोठ्याने विचारलं, "ह्या वेळी हे कोण?"

मी खाली उतरलो.

"गाव आलंय फिलूचं," मी म्हटलं. "वाट द्या."

आणि मागे जाऊन टेम्पोचा फाळका उघडला.